पहाटे चारला मरणारा डॅशबोर्ड: कंपोनंट गेला, खरकटं राहिलं

तिसरी_शिफ्ट | सोमवार, रात्री ११:५२

मंडळी, आठवडाभर डोकं गरगरतंय म्हणून धागा काढतोय.

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात आम्ही डॅशबोर्ड बसवलाय. शॉप फ्लोअरवर ५५ इंची टीव्ही, त्याच्या पाठीला चिकटवलेला ४ जीबी रॅमचा मिनी पीसी, त्यावर क्रोम फुल स्क्रीन. कोड रिॲक्ट १८ मध्ये (वेब पान कंपोनंट नावाच्या तुकड्यांतून जोडायची लायब्ररी). चार पानं आळीपाळीने फिरतात, प्रत्येक पान २० सेकंद. त्यातल्या ‘मशीन’ पानावर १२ कार्डं आणि प्रत्येक कार्डात एक छोटा चार्ट.

दिवसभर झकास चालतं. रात्री बारानंतर पान बदलताना अडखळायला लागतं आणि पहाटे चारच्या सुमारास टॅब मरतो. तो ‘ऑ, स्नॅप’वाला उदास चेहरा टीव्हीवर येतो आणि तिसऱ्या शिफ्टचे सुपरवायझर त्याचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. खाली नमस्काराचा हात. कॉम्प्युटरला मात्र ते हात लावत नाहीत. सहा वाजता वॉचमन काका टीव्हीमागे हात घालून एफ५ दाबतात, की पुन्हा पहाटे चारपर्यंत आनंदीआनंद.

साफसफाई केलीच नाही असं नाही हो. यूज-इफेक्टमधून क्लीनअप फंक्शन (कंपोनंट पडद्यावरून जाताना चालतं ते) परत देतोय, त्यात क्लिअर-इंटरव्हल आहे, चार्टचं डिस्ट्रॉय आहे, वेबसॉकेट बंद केलंय, विंडोवरचा रिसाइझ लिसनर (खिडकीचा आकार बदलला की चालणारा) काढलाय. (कोड डकवला तर इथला एडिटर कोन-कंस खाऊन टाकतो, म्हणून तोंडी सांगतोय.)

तरी मेमरीत काय उरतंय? साहेब म्हणतात, रोज सकाळी सातला पान आपोआप रिलोड कर आणि मोकळा हो. करू का?

गंगाघाट | सोमवार, रात्री ११:५९

करा. विषय संपला. शिफ्ट बदलताना टीव्हीकडे कुणी बघत नसतं. एका ओळीचं काम आहे, तुम्ही आठवडा घालवलात.

सिडकोवासी | मंगळवार, ००:०४

उद्याचा फोटो आला की इथेही टाका. नमस्काराच्या हातासकट.

ऋचा_वि | मंगळवार, ००:३१

@गंगाघाट, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झालं हे. (सोमेश्वर आपल्याकडेच आहे, पण तरी.)

रिलोडने रोग जात नाही, ताप उतरतो. उद्या १२ कार्डांची २४ झाली की टॅब संध्याकाळीच मरेल. मग काय, दर चार तासांनी रिलोड?

@तिसरी_शिफ्ट, ‘लिसनर काढलाय’ म्हणता, तो खरंच निघालाय का हे बघितलंत? दोन गोष्टी करा.

पहिली: पान ताजं उघडा, आठ फेऱ्या होऊ द्या आणि मशीन पान पडद्यावर नसताना क्रोमच्या कन्सोलमध्ये गेट-इव्हेंट-लिसनर्स या फंक्शनला विंडो द्या. रिसाइझसमोर किती आकडा येतो? शून्य यायला हवा.

दुसरी: मेमरी टॅबमध्ये हीप स्नॅपशॉट (मेमरीतल्या वस्तूंची यादी) घ्या. एक फेरी झाल्यावर पहिला, आठ फेऱ्यांनी दुसरा, आणि दोघांची तुलना लावा. पहिल्या फेरीच्या आधीचा घेऊ नका, लायब्रऱ्या आपापली भांडीकुंडी तेव्हाच मांडतात, उगाच फरक दिसतो. मग वरच्या गाळणीच्या चौकटीत ‘डिटॅच्ड’ टाइप करा. पानातून उपटलेले पण अजून कुणीतरी धरून ठेवलेले डॉम नोड (पानाचे घटक) तिथे दिसतात. खाली रिटेनर्समध्ये कुणी धरलंय तेही दिसतं.

आकडे घेऊन या, मग बोलू.

जुना_जोगी | मंगळवार, सकाळी ६:४०

हे रिॲक्टचं खूळ आत्ताचं. दुखणं जुनंच आहे.

२००६ साली अंबडच्या एका कंपनीत वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सांभाळत होतो, डॉटनेट विनफॉर्म्समध्ये. ट्रक काट्यावर आला की मधल्या पॅनेलमधल्या जुन्या ट्रकच्या सगळ्या खिडक्या-लेबलं पुसायची आणि नव्याची मांडायची. पुसायला आमच्या आधीच्या माणसाने कंट्रोल्स-डॉट-क्लिअर वापरलेलं. पडद्यावरून सगळं जायचं, डोळ्याला स्वच्छ. पण क्लिअर कंट्रोलला फक्त पॅनेलबाहेर काढतं, डिस्पोज करत नाही. त्यांची विंडो हँडल जिवंतच राहतात.

विंडोजमध्ये एका प्रोसेसला मुळात १०,००० यूजर ऑब्जेक्ट मिळतात. आमच्या पॅनेलवर एका ट्रकमागे ४० कंट्रोल. अडीचशेवा ट्रक आला की ‘एरर क्रिएटिंग विंडो हँडल’ आणि सॉफ्टवेअर आडवं. एरवी दिवसाला शंभर-सव्वाशे ट्रक, म्हणजे मशीन रोज बंद होतंय तोवर कुणाला पत्ता नाही. मार्चएंडला गर्दी झाली आणि गेटबाहेर रांग लागली. ड्रायव्हर लोक खाली उतरून काट्याभोवती उभे, मी आत घामाघूम.

शेवटी टास्क मॅनेजरमध्ये ‘यूजर ऑब्जेक्ट्स’चा कॉलम चालू केला आणि प्रत्येक ट्रकमागे आकडा ४० ने उडी मारताना उघड्या डोळ्यांनी पाहिला. क्लिअरच्या आधी उलटा लूप लावून एकेकाला डिस्पोज केलं, काम झालं.

उलटाच का, हा प्रश्न मुलाखतीत विचारतो. दहातले आठ गप्प बसतात.

सिडकोवासी | मंगळवार, सकाळी ७:१५

काका, आम्ही पण गप्प. सांगून टाका.

जुना_जोगी | मंगळवार, सकाळी ७:२२

डिस्पोज केलं की कंट्रोल पालकाच्या यादीतून स्वतःच बाहेर पडतो. सरळ लूपमध्ये पुढचे एकेक जागा खाली सरकतात, तुम्ही एकाआड एक गाळता. निम्मे शिल्लक. रेशनच्या रांगेत पुढचा निघून गेल्यावर नंबर धरून मोजत बसल्यासारखं.

द्राक्षमळा | मंगळवार, सकाळी ९:०२

मी शेतकरी माणूस, मुलगा यातच आहे म्हणून वाचतो इथे. मेमरीची गळती म्हणजे ठिबकच्या नळीसारखं बाहेर सांडतं का? मग ती भरते कशी? गळलं तर रिकामी व्हायला पाहिजे ना.

माऊली_टेस्टर | मंगळवार, सकाळी ९:३८

@द्राक्षमळा दादा, बरोबर पकडलंत. शब्दच चुकीचा आहे. गळत नाही, तुंबतं.

असं बघा. घरात भाडेकरू होता, त्याने दुधाचा रतीब लावला, पेपर लावला. भाडेकरू खोली सोडून गेला, पण दूधवाल्याला सांगितलं नाही. दूध दारात येतच राहतं. नवा भाडेकरू आला, त्याने आपला रतीब लावला. आता दोन पिशव्या. बारा भाडेकरूंनंतर दारात बारा पिशव्या आणि प्यायला एकच माणूस.

कंपोनंट म्हणजे भाडेकरू. टायमर, लिसनर, सबस्क्रिप्शन हे सगळे रतीब.

आता तुम्ही म्हणाल, जावास्क्रिप्टमध्ये कचरा उचलायला यंत्रणा असते ना? असते, पण ती आपल्या घंटागाडीसारखी. दाराबाहेर ठेवलेलं नेते, घरात शिरून उचलत नाही. दूधवाल्याच्या वहीत जोवर खोलीचा नंबर आहे, तोवर ती खोली ‘वापरात’ धरली जाते आणि आतलं सामानसुमानही तसंच पडून राहतं.

द्राक्षमळा | मंगळवार, सकाळी ९:५०

आता कळलं. मुलाला इतकी वर्षं विचारतोय, तो ‘पप्पा ते टेक्निकल आहे’ म्हणतो.

अँड्रॉइडवाली | मंगळवार, दुपारी १:१४

रतीब हा शब्द उचलला, उद्या टीमच्या स्टँडअप मीटिंगमध्ये वापरणार.

आमच्याकडे अँड्रॉइडमध्ये भाडेकरू म्हणजे फ्रॅगमेंट (ॲपच्या पडद्याचा एक तुकडा), आणि त्याची गंमत अशी की खोली पाडली तरी भाडेकरू जिवंत असतो. बॅकस्टॅकवर (मागे गेलेल्या पडद्यांच्या चळतीत) गेला की त्याचा व्ह्यू, म्हणजे दिसणारा भाग, नष्ट होतो, फ्रॅगमेंट राहतो. तुम्ही व्ह्यू-बाइंडिंग फील्डमध्ये धरलं असेल तर आख्खा मेलेला व्ह्यू त्याच्या काखेत. म्हणून ऑन-डिस्ट्रॉय-व्ह्यूमध्ये बाइंडिंग नल करायचं.

स्क्वेअरचं लीककॅनरी लावलंय आम्ही. डिबग बिल्डमध्ये गळती सापडली की फोनवर पिवळ्या पक्ष्याची नोटिफिकेशन येते आणि कुणी कुणाला धरलंय याची साखळीच दाखवतो. पहिल्या दिवशी १४ आल्या. सरांना वाटलं फोनला व्हायरस लागला.

पुणेरी_पाहुणा | मंगळवार, दुपारी ३:२०

अँग्युलर (रिॲक्टच्याच कामाचं दुसरं फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांना हे प्रश्न पडत नाहीत. टेम्प्लेटमध्ये एसिंक पाइप लावा, तो स्वतः सबस्क्राइब होतो आणि कंपोनंट गेला की स्वतःच सुटतो. आवृत्ती १६ पासून टेक-अंटिल-डिस्ट्रॉइड आहे, कंपोनंट गेला की तेच रतीब तोडतं. त्याआधी टेक-अंटिलला सब्जेक्ट जोडून एनजी-ऑन-डिस्ट्रॉयमध्ये तो वाजवायचो. शिस्त असली की गळती होत नाही.

सिडकोवासी | मंगळवार, दुपारी ३:२४

दुपारी एक ते चार शिस्त बंद असते का हो तुमच्याकडे?

पुणेरी_पाहुणा | मंगळवार, दुपारी ३:२५

हा विनोद तुमच्या जुना_जोगींच्या वजनकाट्याहून जुना आहे.

कॉलेजरोड | मंगळवार, दुपारी ४:०५

@पुणेरी_पाहुणा, आमच्या टीममध्ये एचटीटीपीच्या प्रत्येक सबस्क्राइबला पण टेक-अंटिल लावायची सक्ती आहे. मला ते व्यर्थ वाटतं. एचटीटीपी-क्लायंट उत्तर आलं की आपणहून पूर्ण होतो, रतीब एक दिवसाचाच.

पुणेरी_पाहुणा | मंगळवार, दुपारी ४:४८

मेमरीपुरतं तुमचं बरोबर. पण उत्तर येईपर्यंत माणूस दुसऱ्या पानावर गेला असेल, तर मागच्या पानाचा कॉलबॅक तिथे येऊन नाचतो. आमच्याकडे ग्राहक ‘अ’ची बिलं बघून ‘ब’वर गेलं की कधीकधी ‘ब’च्या पानावर ‘अ’ची थकबाकी झळकायची. ग्राहक ‘ब’ चिडला तो चिडलाच. सुटून जाणं केवळ मेमरीसाठी नसतं. अर्धवट राहिलेली विनंती रद्दही होते, ते वेगळं.

कॉलेजरोड | मंगळवार, दुपारी ४:५५

हे पटलं. सक्ती करणाऱ्यांनी हे सांगितलं असतं तर एवढी कुरकुर केली नसती.

सिडकोवासी | मंगळवार, संध्या. ५:३०

रिॲक्टमध्ये आधी कन्सोलमध्ये लाल इशारा यायचा, अनमाउंट झालेल्या कंपोनंटची स्टेट बदलता येत नाही, ही मेमरी लीक आहे वगैरे. आता येत नाही. म्हणजे १८ मध्ये त्यांनी गळती आपोआप बंद केली असं आमचा लीड म्हणतो. खरंय का?

ऋचा_वि | मंगळवार, संध्या. ६:१०

लीडला चहा पाजा आणि हे सांगा: इशारा काढलाय, गळती तुमची तुमच्याकडेच आहे.

काढला कारण तो दिशाभूल करत होता. फेचचं (सर्व्हरकडे केलेल्या मागणीचं) उत्तर उशिरा आलं आणि मेलेल्या कंपोनंटवर सेट-स्टेट झालं, तर गळती काही होत नाही, उत्तर आलं की सगळं सुटतं. पण तो लाल मजकूर घालवायला लोकांनी जिकडेतिकडे इज-माउंटेड नावाचे झेंडे लावले. झेंडा लावला की इशारा गप्प. आणि खरोखर चालू राहिलेला इंटरव्हलसुद्धा गप्प! दूधवाला येतोच आहे, आपण कानात बोळे घातले.

तिसरी_शिफ्ट | मंगळवार, रात्री १०:४५

आकडे आणलेत. साइटवर बसून काढले, वॉचमन काकांनी चहाही आणून दिला.

पान ताजं उघडून आठ फेऱ्या. रिसाइझ लिसनर: ९६. शून्य नव्हे, शहाण्णव!

स्नॅपशॉटमध्ये डिटॅच्ड कॅनव्हास (चार्ट ज्यावर रंगवतात तो): तेही ९६.

पण एक कोडं आहे. पहाटे मरायच्या जरा आधी काढलेल्या स्नॅपशॉटचा आकार १८० एमबी दिसतो, आणि क्रोमचा टास्क मॅनेजर त्या टॅबला ३ जीबीच्या वर दाखवतो. मधले कुठे गेले? आणि डेव्हटूल्स उघडं ठेवून मोजलं की वाढ आणखीच जोरात दिसते.

ऋचा_वि | मंगळवार, रात्री ११:२०

१२ कार्डं गुणिले ८ फेऱ्या = ९६. एकही सुटलेलं नाही. तुमचा रिमूव्ह काहीच काढत नाहीये.

मधले जीबी कुठे गेले त्याचं उत्तर: हीप स्नॅपशॉट जावास्क्रिप्टची वस्तू मोजतो. कॅनव्हासची वस्तू चिमूटभर असते, त्याचे पिक्सेल त्या हीपच्या बाहेर राहतात. म्हणून चार्टच्या बाबतीत स्नॅपशॉटच्या आकारावर विसंबू नये, नग मोजावेत. तुमचा चार्ट किती बाय किती?

तिसरी_शिफ्ट | मंगळवार, रात्री ११:२४

४०० बाय २००.

ऋचा_वि | मंगळवार, रात्री ११:३३

एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एका चार्टला ३,२०,००० बाइट. तुमची एक फेरी ८० सेकंदांची, तासाला ४५ फेऱ्या, तासाला ५४० चार्ट. काका सहाला एफ५ दाबतात, टॅब पहाटे चारला मरतो, मधे २२ तास. ११,८८० चार्ट. गुणाकार करा, ३.८ जीबी येतात. मिनी पीसी ४ जीबीचा.

प्रत्यक्षात ब्राउझर थोडं इकडचं तिकडे करतो, इतकं चोख बसत नाही. पण चारच का वाजतात हे कळलं ना?

डेव्हटूल्सचं म्हणाल तर कोडमध्ये कन्सोल-लॉग आहेत का? डेव्हटूल्स उघडं असताना लॉग केलेली वस्तू कन्सोल धरून ठेवतो, कारण तुम्ही कधीही त्रिकोण उघडून आत बघाल. मोजायला बसलात आणि वजनकाट्यावर स्वतःच उभे राहिलात.

जुना_जोगी | मंगळवार, रात्री ११:४०

दंडवत. आमच्या काट्यावर असं ड्रायव्हर करायचे.

गंगाघाट | बुधवार, सकाळी ८:१०

गणित मानलं. पण माझं म्हणणं मागे घेत नाही. गळती शोधा, जरूर शोधा, पण रिलोडही लावा. चोवीस तास चालणाऱ्या टीव्हीवर उद्या लायब्ररीतच गळती निघाली तर ती तुम्ही दुरुस्त करणार का? बंधारा पक्का असला तरी सांडवा ठेवतातच.

कॉलेजरोड | बुधवार, सकाळी ९:२५

सांडव्याचा एक किस्सा. आम्ही एका ठिकाणी असाच सातचा रिलोड लावला होता. एका रविवारी नेमकं सातला सर्व्हर अपडेट होऊन उठत होता. पान रिलोड झालं आणि ‘५०२ बॅड गेटवे’ आलं. मूळ पान गेलं, त्याच्याबरोबर रिलोड करणारा टायमरही गेला. सोमवारी सकाळपर्यंत टीव्हीवर ५०२. मालकांनी पाहुण्यांना फॅक्टरी दाखवताना विचारलं, ‘हे आजचं प्रॉडक्शन का?’

रिलोड लावायचाच तर आधी सर्व्हरला हाक मारा, नीट ओ दिली तरच रिलोड.

माऊली_टेस्टर | बुधवार, सकाळी ९:४०

हसून हसून पुरेवाट! ५०२ नग, वाईट नाही.

माझ्याकडे ‘सप्तपदी’ बग होता. ऑर्डरचं पान सहा वेळा उघडा-बंद करा, ठणठणीत. सातव्यांदा उघडलं की गोल गोल फिरत बसायचं. डेव्हलपर म्हणे, ‘माझ्याकडे चालतं.’ तो दोनदाच उघडून बघायचा ना. मी शेजारी बसून बोटं मोजत त्याला सात फेरे घालायला लावले.

पान उघडलं की इव्हेंटसोर्स (सर्व्हरकडून सतत माहिती आणणारी उघडी जोडणी) सुरू होत होता, पान सोडताना क्लोज कुणी करत नव्हतं. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका सर्व्हरशी एका वेळी सहाच जोडण्या ठेवतो. सहा रतीब सहा जोडण्या अडवून बसले, सातव्या वेळी साध्या विनंतीलाही वाट नाही. मेमरी भरायच्या कितीतरी आधी घात झाला.

तेव्हापासून माझ्या टेस्टमध्ये प्रत्येक पान दहा वेळा उघड-बंद होतं. मेटाचं मेमलॅब २०२२ पासून मुक्तस्रोत आहे, ते हीच उघड-बंद करून स्नॅपशॉटची तुलना आपणहून करतं. पण नुसती बोटं मोजली तरी पुष्कळ सापडतं.

सिडकोवासी | बुधवार, सकाळी १०:०२

मेमरीचा आलेख कसा वाचायचा पण? माझा तर करवतीच्या दात्यांसारखा वरखाली जातोय. वर गेला की छातीत धस्स, खाली आला की हुश्श.

ऋचा_वि | बुधवार, सकाळी १०:३०

दुतोंड्या मारुतीसारखा वाचा. पाऊस लागला की आपण काय विचारतो, पाणी कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. वरचा दाता हा पाऊस आहे, तो येणारच. घंटागाडी येऊन गेली की आलेख पडतो. तो पडून जिथे टेकतो ती पातळी बघायची. आज पूर ओसरल्यावर पाणी पायरीला, उद्या ओसरल्यावर गुडघ्याला, परवा कमरेला, असं चाललं असेल तर गळती. दर वेळी पायरीलाच येत असेल तर खुशाल झोपा.

पुणेरी_पाहुणा | बुधवार, सकाळी १०:४१

दोन तोंडांचा मारुती?

गंगाघाट | बुधवार, सकाळी १०:५०

रामकुंडाजवळ, नदीतच उभा आहे. आमचं पूर मोजायचं माप. धरणातून किती क्युसेक सोडलं ते पेपरवाले छापतात, नाशिककर मारुती बघून येतो. आणि नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागलं म्हटलं की मग बाजारपेठेतले दुकानदार माल वर चढवतात. या एकदा, मिसळ आमच्याकडून.

पुणेरी_पाहुणा | बुधवार, सकाळी १०:५५

मिसळीवर आता वाद नको, धागा चांगला चाललाय.

अँड्रॉइडवाली | बुधवार, दुपारी १२:१२

@तिसरी_शिफ्ट, त्या रिमूव्हचं काय निघालं? तहानलाडू-भूकलाडू घेऊन बसलेय.

तिसरी_शिफ्ट | बुधवार, रात्री ९:३०

निघालं. लाज वाटते, पण सांगतो.

ॲड-इव्हेंट-लिसनरमध्ये मी लिहिलं होतं: रिसाइझ झाला की, बाणवालं फंक्शन, त्यात आकार-बदल बोलाव. रिमूव्हमध्ये ओळ जशीच्या तशी कॉपी करून नुसतं ॲडचं रिमूव्ह केलं. अक्षर न अक्षर सारखं. पण बाण लिहिला की दर वेळी नवं फंक्शन जन्माला येतं. काढायला दिलेलं फंक्शन कधी लावलेलंच नव्हतं, आणि न लावलेलं काढायला सांगितलं तर ब्राउझर हूं की चूं करत नाही. एरर नाही, इशारा नाही. दूधवाल्याला फोन केला, पण नाव भलत्याच भाडेकरूचं सांगितलं आणि तो ‘बरं’ म्हणाला.

त्यात भर म्हणजे इफेक्टच्या सुरुवातीला कॅनव्हास मी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये काढून घेतला होता. नुसता रेफ (रिॲक्टच्या ताब्यातला दुवा) असता तर अनमाउंटला, म्हणजे कंपोनंट जाताना, रिॲक्टने तो नल केला असता. माझं व्हेरिएबल त्या बाणाच्या पोटात अडकून बसलं. चार्ट डिस्ट्रॉय होत होता, कॅनव्हास मात्र लिसनरच्या मुठीत.

आता फंक्शनला नाव दिलं, तेच लावलं, तेच काढलं.

ऋचा_वि | बुधवार, रात्री ९:५२

लाज कसली, बाइंडवाले तर अजून रोज करतात. बाइंडही दर वेळी नवं फंक्शन देतं.

आणखी एक वाट आहे. इफेक्टमध्ये एक ॲबॉर्ट-कंट्रोलर बनवा, त्याचा सिग्नल प्रत्येक लिसनरला आणि फेचला द्या. क्लीनअपमध्ये एकदाच ॲबॉर्ट. लिसनर सगळे सुटतात, फेच रद्द होतो. नावं लक्षात ठेवायची भानगडच नाही.

पण एक विचारू? रिॲक्ट १८ मध्ये डेव्हलपमेंटला स्ट्रिक्ट मोड प्रत्येक कंपोनंट एकदा लावून, काढून, परत लावतो. मुद्दाम, क्लीनअप अर्धवट असेल तर उघडं पडावं म्हणून. तुमचा रिसाइझ पहिल्या दिवशी दोन-दोनदा चालायला हवा होता. दिसला कसा नाही?

तिसरी_शिफ्ट | बुधवार, रात्री १०:०५

…

ऋचा_वि | बुधवार, रात्री १०:०६

काढलात ना स्ट्रिक्ट मोड?

तिसरी_शिफ्ट | बुधवार, रात्री १०:११

एपीआय दोनदा कॉल होत होता म्हणून. दीड वर्षापूर्वी. कमिटचा मेसेज आहे, ‘डबल कॉल फिक्स’.

सिडकोवासी | बुधवार, रात्री १०:१३

धुराचा अलार्म वाजतोय म्हणून सेल काढून टीव्हीच्या रिमोटला घातले.

जुना_जोगी | बुधवार, रात्री १०:२०

हसू नका रे. आम्हीपण ‘एरर क्रिएटिंग विंडो हँडल’ला ट्राय-कॅच लावून बघितलाच होता. तीन दिवस.

तिसरी_शिफ्ट | पुढच्या आठवड्यातला शनिवार, रात्री ११:१५

धागा वर काढतोय. स्ट्रिक्ट मोड परत लावला, आणखी दोन ठिकाणी रतीब चालू सापडले, तेही बंद केले. नवं बिल्ड गुरुवारी टाकलं. गेल्या गुरुवारी. सुपरवायझरांचा फोटो आला नाही. साहेब खूश, मी टीमला मिसळ दिली.

आज निवांत आठ दिवसांचा आलेख बघायला बसलो. टेकायची पातळी पायरीलाच, सुंदर. पण रोज सकाळी सहाच्या ठोक्याला सगळं शून्यावर येऊन पान नव्याने सुरू झालेलं. मी रिलोड लावलेला नाही, साहेबांनीही नाही. तासभर सर्व्हरचे लॉग चाळले.

मग कळलं. वॉचमन काका. टॅब मरो न मरो, सहा वाजले की टीव्हीमागे हात घालून एफ५.

गंगाघाट | शनिवार, रात्री ११:२१

सांडवा! मी म्हटलं नव्हतं?

माऊली_टेस्टर | शनिवार, रात्री ११:२८

म्हणजे तुमची टेस्ट एका दिवसापेक्षा जास्त चाललेलीच नाही. मिसळ परत घ्या.

तिसरी_शिफ्ट | शनिवार, रात्री ११:४०

मिसळ गेली. काकांना आत्ताच फोन केला. म्हणाले, ‘अहो साहेब, तुम्हीच सांगितलं होतं ना, रोज दाबा म्हणून. बंद करा असं कुठे म्हणालात?’

कीबोर्डची वायर काढायला सांगितलीय. उद्या सहापासून मोजायला सुरुवात.